सोसायटीचा संगणक बंद पडतोय? मोटार वर काढायच्या आधी फ्यूज बघा!

शेतकरी बंधूंनो, मार्चअखेर म्हणजे काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. २०२२ सालच्या मार्चमधली ही गोष्ट. आमच्या भागातल्या एका विकास सोसायटीच्या दारात सकाळपासून सभासदांची रांग लागली होती. पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याजात सवलत, मुदत हुकली की सवलत गेली, हे रांगेतल्या प्रत्येकाला पाठ. आत सचिव भाऊसाहेब घाम पुसत बसलेले आणि समोरचा संगणक दर अर्ध्या तासाला आपोआप बंद पडतोय. बटण दाबलं की सुरू व्हायचा, चार पावत्या निघायच्या, की पुन्हा पडदा काळा.

"भाऊसाहेब, माझी तेवढी नोंद करा की. नातवाला दवाखान्यात न्यायचंय," रांगेतले एक म्हातारबाबा म्हणाले.

"बाबा, मी करतोय हो, पण हे धूड ऐकंना, त्याला काय करू?"

तालुक्याहून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं दोनदा बटण दाबून पाहिलं आणि कॅबिनेट न उघडताच निकाल दिला, "मदरबोर्ड गेलाय. आठ वर्षांचा संगणक आहे, नवाच घ्या." चेअरमन ठराव लिहायला बसले.

आता मंडळी, एक सांगा. विहिरीवरची मोटार चालू झाली नाही तर आपण लगेच चेनपुली लावून ती वर काढतो का? नाही. आधी लाइट आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. हे सगळं ठीक निघालं तरच मोटारीला हात लावतो, कारण वर काढायचा खर्च आपल्या खिशातून जातो. सोसायटीचा, ग्रामपंचायतीचा, दूध संकलन केंद्राचा संगणक बंद पडला की मात्र ही अक्कल आपण गुंडाळून ठेवतो. तोही पैसा आपलाच असतो, आणि आत कोंडलेला हिशेबही आपलाच असतो.

म्हणून आज जुन्या, लहरी झालेल्या संगणकाची नाडी कशी बघायची, ते क्रमानं सांगतो. यातलं बरंचसं काम भाऊसाहेबांना किंवा ऑपरेटरला स्वतः करता येईल. बाकीचं दुरुस्तीवाल्याकडून करून घेताना निदान योग्य प्रश्न तरी विचारता येतील.

आधी हिशेब बाहेर काढा

गोठ्याला आग लागली तर आपण आधी जनावरं सोडतो, पत्रे नंतर बघतो. तसंच इथं. संगणक सुरू होत असेल तोवर पहिलं काम एकच, सगळ्या माहितीची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यायची. शक्य असेल तर दोन प्रती घ्या. एक कार्यालयात ठेवा, दुसरी दुसऱ्या जागी कुलपात.

या सोसायटीला हा धडा महागात मिळाला होता. त्याच वर्षी जानेवारीत हाच संगणक अडकायला लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्यानं एका फेरीत रॅम बदलली, हार्ड डिस्क फॉरमॅट केली आणि विंडोज नव्यानं टाकलं. शेवटची प्रत दिवाळीतली होती. दिवाळीनंतरच्या सगळ्या नोंदी गेल्या. पावती पुस्तकाच्या स्थळप्रती जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. भाऊसाहेबांनी पंधरा दिवस रात्री बसून एकेक नोंद पुन्हा भरली. स्थळप्रती नसत्या तर कुणी किती भरले हे कशावरून ठरवणार होतो? गावात भांडणं लागली असती.

एवढं करून संगणक पुन्हा बंद पडू लागला तो पडलाच. तीन गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे नेमकं काय बिघडलं होतं हे कळलंच नाही. पिकाला खत, औषध आणि पाण्याची पाळी एकाच दिवशी बदलली तर कशानं फरक पडला हे सांगता येत नाही, त्यातला हा प्रकार. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस वाट बघा. हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

वही घाला, वेळ लिहा

मार्चमध्ये शेवटी गावातल्याच एका पोराला हाक मारली. मोटारी रिवाइंडिंगचं त्याचं दुकान, संगणकाचंही थोडं शिकलेला. त्यानं आल्या आल्या विचारलं, "भाऊसाहेब, हा बंद कधी पडतो? सकाळी का दुपारी?"

कुणालाच सांगता येईना. गुरांचा डॉक्टर आल्यावर विचारतो ना, रवंथ करतंय का, शेण कसं टाकतंय, चारा कधी सोडला? तसंच हे. एक साधी वही करा आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: किती वाजता बंद पडला, सुरू करून किती वेळ झाला होता, त्या वेळी काय काम चाललं होतं, आणि लाइटची काय परिस्थिती होती. आठ दिवसांत वही बोलायला लागते.

सकाळी चालतो आणि दुपारी पडतो, तर उष्णतेचा संशय घ्या. पंखा किंवा पंप सुरू झाला की पडतो, तर वीज बघा. केव्हाही, कुठल्याही कामात पडतो, वेगवेगळ्या चुका दाखवतो, तर रॅम किंवा वीजपुरवठा. एखादी ठरावीक फाइल उघडतानाच अडतो, तर हार्ड डिस्क. हे ठोकताळे आहेत, पण दिशा दाखवायला पुरतात.

विंडोजमध्येही घडल्या गोष्टींची एक नोंदवही असते, तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. तिथं 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली की काही जण लगेच "पॉवर सप्लाय गेला" म्हणतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की संगणक रीतसर बंद न होता बंद झाला. का झाला, ते ती सांगत नाही.

भिंतीतल्या खटक्यापासून सुरुवात

पहिली तपासणी संगणकाची नव्हेच, प्लगची. खिळखिळा सॉकेट, ढिली वायर, एकाच बोर्डावर फ्रिज, पंखा आणि संगणक असली गर्दी आधी दूर करा. वायरमनकडून मीटर लावून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दाब हवा. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थिंगकडे लक्ष द्या. संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग जवळजवळ नाहीच असं समजा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं आपण विसरतो, तेही आठवा.

मग यूपीएस. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत ती थकते. थकलेला यूपीएस लाइट गेल्यावर तर दगा देतोच, पण लाइट नुसती लुकलुकली तरी संगणक पाडतो. तपासणी सोपी आहे. आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी यूपीएस बाजूला काढून संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला जोडा. दिवसभर नीट चालला तर चोर यूपीएस. त्या पोरानं हे करून पाहिलं, पण संगणक तरीही बंद पडला. म्हणजे यूपीएस निर्दोष. वहीत तशी नोंद झाली.

वळवाच्या दिवसांत आणखी एक काळजी घ्या. आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढा आणि इंटरनेटची तांब्याची केबलही काढा. विजेचा झटका दोन्ही वाटांनी आत येतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

धूळ आणि उष्णता

आपल्याकडची कार्यालयं रस्त्याकडेला असतात. उन्हाळ्यात फुफाटा, सुगीत भुसा. संगणकाच्या मेंदूवर, म्हणजे प्रोसेसरवर, एक पट्ट्यांचा धातूचा ठोकळा आणि वर पंखा असतो. त्या पट्ट्यांत धूळ बसली की उष्णता बाहेर पडत नाही. प्रोसेसर आधी हळू चालायला लागतो, आणि तापमान साधारण १०० अंशांच्या घरात गेलं की जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो. लोक त्याला बिघाड म्हणतात, खरं तर तो स्वतःचा जीव वाचवत असतो.

संगणक सुरू होतानाच डिलीट किंवा एफ-२ कळ दाबली की बहुतेक संगणकांत बायोसचा पडदा येतो. तिथं हार्डवेअर मॉनिटर किंवा पीसी हेल्थ अशा नावाखाली तापमान दिसतं. काहीही काम चालू नसताना तिथंच ८०-८५ अंश दिसले तर साफसफाईची वेळ झाली.

साफ करताना प्लग काढा. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. मऊ ब्रश आणि हातातला ब्लोअर वापरा. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो नको इतका फिरून खराब होतो. ओलं फडकं बिलकूल नको. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट असते, ती काही वर्षांनी सुकून खपली होते. जुनी पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावायची. हे काम जाणकाराकडून करून घ्या.

आमच्या सोसायटीचं कॅबिनेट उघडलं तेव्हा ठोकळ्यावर धुळीचं घोंगडंच निघालं. साफ केलं, पेस्ट लावली. अर्ध्या तासाला बंद पडणारा संगणक सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत न थांबता चालला. म्हातारबाबांची पावती निघाली, रांग पुढं सरकली. चेअरमन म्हणाले, "झालं की!"

दोन वाजून दहा मिनिटांनी संगणक पुन्हा बंद पडला.

एक चोर सापडला म्हणून थांबू नका

जुन्या संगणकात हे नेहमी होतं. वय झालेल्या माणसाला एकच दुखणं क्वचित असतं. पहिलं दुखणं बरं झालं म्हणूनच दुसरं उघडं पडतं. अशा वेळी "मघाची दुरुस्ती फुकट गेली" असं म्हणू नका. वही बघा. आधी दर अर्ध्या तासाला, आता पाच तासांनी. म्हणजे फरक पडलाय आणि आता दुसरा शोधायचाय.

त्या पोरानं मग पॉवर सप्लायकडं मोर्चा वळवला. कॅबिनेटच्या आतल्या या पेटीला एसएमपीएस म्हणतात. बाहेरची २३० व्होल्टची वीज घेऊन ती आत १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज वाटते. संगणक चालू असताना मोकळ्या जोडणीवर मीटर लावून दाब मोजता येतो. काळी वायर सामाईक. पिवळीवर १२ व्होल्ट, लालवर ५, नारिंगीवर ३.३. पाच टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत काटा हवा.

काम नसताना मीटरनं ११.७ दाखवलं. पण छपाई आणि हिशेबाचं काम एकदम लावलं की आकडा ११ च्याही खाली यायला लागला, आणि संगणक बंद. भार आला की बैल बसतो, तसा हा पॉवर सप्लाय बसत होता. काम नसताना मोजून "ठीक आहे" म्हटलं असतं तर तो कधीच सापडला नसता.

इथं एक ताकीद. ती पेटी उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज काही काळ राहू शकते. पेटी बिघडली तर अख्खी बदलायची.

नवा एसएमपीएस डीएपीच्या एका पोत्याच्या आसपासच्या किमतीत आला. मुदत संपायला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत संगणक एकदाही बंद पडला नाही. ज्याला मदरबोर्ड गेलाय म्हणून भंगारात काढलं होतं, त्यानं पुढं दोन वर्षं काम केलं.

तुमच्याकडं दुखणं वेगळं असेल

याच क्रमानं गेलात तर पुढच्या गोष्टीही तपासून होतील.

रॅम. संगणक सुरूच होत नाही आणि नुसता बीप-बीप करतो, किंवा निळा पडदा येऊन दर वेळी वेगळी चूक दाखवतो, तर रॅम बघा. बऱ्याचदा रॅम खराब नसते, तिच्या सोनेरी कडेवर मळ बसलेला असतो. प्लग काढून पट्टी बाहेर काढा, कडा शाळेतल्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, कचरा झटका, आणि टक असा आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चालवून बघा. 'मेमटेस्ट८६ प्लस' नावाचा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालतो. तो रात्रभर लावून ठेवा. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी हिशेबाच्या कामाला घेऊ नका. खराब रॅम संगणक पाडते तेवढंच नाही, आकडाही बदलू शकते.

हार्ड डिस्क. टक्-टक् किंवा खर्र आवाज, फाइल उघडायला पाच-पाच मिनिटं, ही मरणाची लक्षणं. अशा वेळी दुरुस्तीचे प्रोग्राम चालवत बसू नका, त्यानं डिस्कवर आणखी ताण येतो. सगळ्यात महत्त्वाचं तेवढं आधी बाहेर काढा. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येत रंगानं दिसते. पिवळा रंग आला, रिअॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा वाढत चालला, की डिस्क बदला. मात्र सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल तर आधी डिस्कची साटा केबल बदलून बघा. स्वस्तात काम होतं. नवी एसएसडी डिस्क वेगवान असते, पण ती जाताना आवाजसुद्धा करत नाही. म्हणून प्रत घ्यायची सवय सोडू नका.

तारखेची बॅटरी. संगणक सुरू केला की तारीख मागच्या कुठल्या तरी सालात जाते आणि सरकारी संकेतस्थळं "असुरक्षित" म्हणून उघडत नाहीत? लोक इंटरनेटला शिव्या देतात. बघा, मदरबोर्डवर नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते, तिचा नंबर सीआर २०३२. घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती बदला, तारीख-वेळ लावा.

मदरबोर्ड. सगळ्यात शेवटी संशय याच्यावर घ्या. त्यावर छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांचं वरचं झाकण सपाट हवं. फुगलेलं किंवा गळालेलं दिसलं तर मदरबोर्डचं दुखणं खरं. तेवढे कपॅसिटर बदलता येतात, पण जुन्या बोर्डावर किती खर्च करायचा याचा हिशेब घाला.

आणि हे सगळं ठीक निघालं तर? मग दुखणं यंत्राचं नसून विंडोजचं असू शकतं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा, त्याला हार्ड डिस्कवर काही टाकावं लागत नाही. लिनक्सवर दिवसभर नीट चाललं तर विंडोज किंवा डिस्ककडं बघा. तिथंही बंद पडलं तर यंत्रातच खोट आहे.

नवा कधी घ्यायचा?

जुनं ते सोनं म्हणून कवटाळून बसा, असं माझं म्हणणं नाही. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यावर जायला लागला, सुटे भाग मिळेनासे झाले, की निरोप द्या. दुसरं कारण सुरक्षिततेचं. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि बरेच जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. सभासदांचे आधार आणि खाते क्रमांक ज्या यंत्रात आहेत आणि जे इंटरनेटला जोडलंय, त्याचा हा विचार करावाच लागेल.

केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गावोगाव नवी यंत्रं येणं चांगलंच आहे. पण नवं यंत्रही त्याच फुफाट्यात, त्याच ढिल्या सॉकेटवर बसणार असेल तर चार वर्षांनी तेही रांगेसमोर असंच मान टाकेल. यंत्र येण्याआधी अर्थिंग करून घ्या.

जुना संगणक भंगारवाल्याला देताना हार्ड डिस्क आधी काढून घ्या. आतली माहिती सभासदांची आहे. बाकीचा सांगाडा अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या, जाळू नका आणि उकिरड्यावर टाकू नका.

सरपंच, चेअरमन मंडळींना एक सांगणं. पुढच्या मासिक सभेत तीन गोष्टी ठरवून टाका. दर शनिवारी प्रत घ्यायची आणि घेतल्याची सही वहीत करायची. दर सहा महिन्यांनी, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, धूळ झाडायची. दुरुस्तीवाल्यानं "हा भाग गेलाय" म्हटलं तर "कशावरून?" असं विचारायचं, आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यायचा. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि सभासद बंधूंनो, तुम्हीही पावती हातात घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. घरी नेऊन ती ट्रंकेत नीट ठेवा. संगणक कितीही नवा आला तरी.